जांबोटीची मारुती ८००: निळा धूर आणि न टिकणारं आयडलिंग

ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात ही गाडी माझ्या बेळगावातल्या गॅरेजला आली. मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग), केए-२२ पासिंग, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. मालक जांबोटीकडचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातात. खानापूर तालुक्यात त्या आठवड्यात पावसानं उसंत दिली नव्हती, आणि गुरुजी काच पुसत पुसत कसेबसे पोचले होते.

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण पुढं तिच्यातलं एक वाक्य मी नीट ऐकलं नव्हतं हे मला कळलं.

“सकाळी स्टार्ट केली की अंगणभर धूर सोडायलीय ओ. शेजारच्या आजी खोकत बाहेर येतात. वाटेत काही नाही, पिरनवाडीपर्यंत झकास येते. गावात शिरलं की थरथर सुरू. गोगटे सर्कलला सिग्नलला उभी केली तर स्टिअरिंग हातात नाचतं. दोनदा बंद पडली.”

आधी एका गॅरेजला दाखवून झालं होतं. तिथं ‘हाफ इंजिन करावं लागतंय’ असं सांगितलेलं. पिस्टन, रिंगा, बोअर, शिवाय हेड गॅस्केटही (इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेलंय, मिळून ३२ हजार. तेवढ्यात गाडी चालती राहावी म्हणून त्यांनी जाड तेल भरून दिलं आणि कार्बोरेटरचं ‘सेटिंग’ केलं. त्यानंतर पीयूसी नापास झाली. १९९८ ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं २०१३ ला संपली, मग पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणं, आणि आता पुन्हा आरसी नवी करायची वेळ. पीयूसीशिवाय आरटीओच्या दारात उभं राहून उपयोग नाही. पुण्यातला मुलगा म्हणत होता, भंगारात द्या. गुरुजींना ते बोलवत नव्हतं, पण ३२ हजारही पेन्शनीतून काढवत नव्हते.

मी एवढंच म्हटलं, “गुरुजी, गाडी आजची रात्र राहू दे. मला सकाळचा पहिला धूर स्वतः बघायचाय.”

धुराची गाडी तापलेली असताना तपासण्यात फार अर्थ नसतो. गिऱ्हाईक दहा-वीस किलोमीटर चालवून येतं, तोवर जे दाखवायचं ते गाडीनं दाखवून झालेलं असतं. धूर कुठल्या रंगाचा यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निळा म्हणजे तेल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी, हे पोरंसुद्धा सांगतात. पण तेल वरून उतरतंय की खालून चढतंय हे रंग सांगत नाही. ते वेळ सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गाडी बारा तास थंड होती. सायलेन्सरच्या तोंडामागं वीतभर अंतरावर पांढरा कागद धरून पोराला बसवलं आणि चावी फिरवली. पहिल्याच धक्क्याला निळसर पांढरा ढग आला, जळक्या तेलाचा वास, डोळे चुरचुरले. घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंदांत निळेपणा गेला. त्यानंतर पातळ पांढरी वाफ राहिली, ती हवेत लगेच विरत होती. ऑगस्टातल्या दमट सकाळी ती कुठल्याही गाडीला येते. पंधरा मिनिटांनी इंजिन तापल्यावर मात्र फिकट काळा धूर यायला लागला आणि वास बदलून पेट्रोलचा झाला. कागदावर बारीक कोरडी काजळी, आणि तिच्यात सात-आठ तेलाचे ठिपके.

म्हणजे एका सायलेन्सरमधून तीन वेगळे धूर तीन वेगळ्या वेळी येत होते. आधीच्या माणसानं ते सगळे एकाच खात्यात टाकले होते.

हेड गॅस्केटचा विषय मी आधी मिटवला, कारण तो खरा निघाला असता तर पुढचं सगळं बदललं असतं. गुरुजींना पुरावा म्हणून तेलाचं झाकण उघडून दाखवलेलं होतं. झाकणाच्या आत खरंच दुधाळ, लोण्यासारखा थर होता. तेलात पाणी मिसळलं की असा थर होतो हे खरं आहे. पण जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तसाही होतो. इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या हवेतला ओलावा वरच्या थंड झाकणाला धरतो आणि तेलाच्या वाफेत मिसळून त्याची साय बनते. फरक बघायचा तो डिपस्टिकवर, तेल मोजायच्या पट्टीवर. इंजिनाच्या तळातल्या पॅनमधलं तेल काळं पण स्वच्छ होतं, दुधाळ अजिबात नाही. रेडिएटरच्या राखीव बाटलीवर मी मार्करनं रेघ मारली आणि गाडी होती तितके दिवस ती रोज बघितली. पाणी केसभरही उतरलं नाही. इंजिन चालू ठेवून बाटलीत बुडबुडे बघितले, ते नाहीत. झाकण पुसून काढलं, गाडी वीस किलोमीटर तापवून आणली, थर परत धरला नाही. हेड गॅस्केट ठणठणीत होतं.

आता तेल. “किती तेल खाते?” असं विचारलं की बहुतेक मालक अंदाज सांगतात. गुरुजींनी पिशवीतून वही काढली. चौकोनी रकान्यांची, गणिताची वही. १९९८ पासूनची तिसरी वही होती ती. तारीख, मीटर, पेट्रोल लिटरमध्ये, तेल मिलिलिटरमध्ये, शेरा. अक्षर फळ्यावरचं असावं तसं. मी मशीनवर हात ठेवायच्या आधी अर्धा तास ती वही वाचली, आणि खरं निदान तिथंच झालं असं मी मानतो.

मे महिन्यात ते मुलाकडं पुण्याला जाऊन आले होते. जाऊन-येऊन ७४० किलोमीटर, हायवेला, उन्हात. तेलाच्या रकान्यात शून्य. जुलैमध्ये गाडी फक्त ३१० किलोमीटर चालली. खानापूरचा बाजार, बँक, दवाखाना, बेळगावला दोन फेऱ्या. तेल ४०० मिलिलिटर. जून जुलैसारखाच. एप्रिलमध्ये लग्नसराईचे लांबचे प्रवास, तेल जवळजवळ नाही.

रिंगा गेलेलं इंजिन असं वागत नाही. रिंग झिजली की पिस्टनच्या प्रत्येक फेरीला थोडं तेल वर जातं. जितकं पळवाल, जितकं ओझं द्याल, तितकं जास्त. पुण्याच्या वाटेवर भर दुपारी चार माणसं घेऊन ७४० किलोमीटर, आणि एक थेंब नाही, हे झिजलेल्या रिंगांना जमणार नाही. इथं तेल किलोमीटरच्या हिशेबानं जात नव्हतंच. ते आयडलिंगला (पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना), उतारावर, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की जात होतं. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण सिलिंडरकडं नेणाऱ्या नळीत) ओढ सगळ्यात जास्त असते. त्या ओढीनं हेडवरचं तेल इनटेक व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) दांड्यावरून, गाइडमधून (दांडा सरकतो त्या नळीतून) खाली खेचलं जातं. ते अडवायला गाइडच्या डोक्यावर एक रबरी टोपी असते, व्हॉल्व्ह सील. पंचवीस वर्षांत ती टोपी कडक होते. हायवेला थ्रॉटल उघडा असतो, ओढ कमी असते, म्हणून तेल टिकतं. आणि रात्री उभ्या गाडीत दांड्यावरून झिरपलेलं तेल व्हॉल्व्हच्या पाठीवर साचून राहतं, तेच सकाळी चाळीस सेकंदांत जळून जातं.

हे वहीवरून पटलं, पण डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गाडी काकतीवरून वंटमुरी घाटाकडं काढली. मागून माझ्या गॅरेजचा पोरगा मोटरसायकलवर. तो गोकाककडचा, घरी कन्नड, माझ्याकडं राहून मराठी झालेला. त्याला एवढंच सांगितलं होतं, उतार संपला की सायलेन्सरकडं बघ. घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढून घेतला, इंजिनवर गाडी धरून ठेवली, आणि खाली पोचल्यावर एकदम ॲक्सिलरेटर दिला. मागून ओरडणं ऐकू आलं, “अण्णा, नीली होगे! नीली!” होगे म्हणजे धूर. परत येताना तोच घाट, चढ, गाडी ओढून घेतली, पाय दाबलेला. वर आल्यावर त्यानं मान हलवली, निळं काही नाही, थोडं काळं. चढाला निळा धूर आला असता तर मी रिंगांचा विचार केला असता. उतारानंतरचा निळा फुगा सीलची खूण.

गॅरेजला आल्या आल्या, इंजिन तापलेलं असताना तेलाचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवला. रिंगा फार झिजल्या की खालचा दाब त्या तोंडातून भकाभका बाहेर येतो, कागद उडतो. इथं तो फक्त किंचित हलत होता. या वयाच्या इंजिनाला हे चालतं.

धुराचं झालं. थरथरीवर मात्र मी दोन दिवस घालवले, आणि त्यातला एक दिवस माझ्या चुकीनं गेला.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं) हे माझ्या मते जुन्या कार्बोरेटर गाडीसाठी सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात विसरलं गेलेलं हत्यार आहे. स्टेथोस्कोपसारखं. मॅनिफोल्डच्या नळीला जोडायचं आणि काटा बघत राहायचं. पुस्तकात लिहिलेलं असतं, चांगल्या इंजिनाला आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच. इथं एक गोष्ट आमच्या भागातल्या मेस्त्रींनी लक्षात ठेवायला हवी. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. दर हजार फुटांना साधारण एक इंच काटा खाली राहतो, म्हणजे आपल्याकडं अडीच इंच वजा करूनच बोलायचं. सावंतवाडीत १९ दाखवणारं इंजिन बेळगावात साडेसोळा दाखवेल आणि त्यात काही बिघाड नसेल.

गुरुजींच्या गाडीत काटा १२ वर होता. अडीच वजा करूनही हे कमीच. आणि दुसरं म्हणजे काटा स्थिर नव्हता, ठराविक अंतरानं एकदा टिचकी मारल्यासारखा खाली जाऊन वर येत होता.

आधी कमी काट्याचं बघितलं. काटा कमी म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत जातेय किंवा टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागं पडलंय. टायमिंग लाइट लावून बघितलं, ते बरोबर होतं. मग साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडं थोडं मारत गेलो. कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डवर तो बसतो तिथं, पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला, आरपीएम सावरले, काटा वर गेला. पाणी थांबलं की परत तेच. काही जण यासाठी उदबत्तीचा धूर फिरवतात. धूर फटीकडं ओढला जातो हे खरं, पण पेट्रोलच्या कार्बोरेटरजवळ निखारा न्यायचा नाही, हे माझ्या गॅरेजमध्ये पोराला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं.

कार्बोरेटर काढला. बुडाचं गॅस्केट दोन ठिकाणी चिरलेलं, आणि फ्लँज (नट बसतात ती बुडाची कड) एका बाजूला जास्त आवळून वाकलेला. काचेवर एमरी पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट केला, नवीन गॅस्केट टाकलं, नट थोडे थोडे करून आळीपाळीनं आवळले. सोबत पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, बोटानं वाकवल्या तर तडे दिसत होते. आपल्या जिल्ह्यात उसाचं रान आणि साखर कारखाने, त्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येतं. ते चांगलंच आहे, पण १९९८ च्या रबराला ते मानवेल असं मी धरून चालत नाही. अशा जुन्या गाडीत नळ्या आणि डायफ्राम बघितल्याशिवाय मी बॉनेट बंद करत नाही.

काटा १५ वर आला. इंजिन बरंच शांत झालं. तीन नंबरचा प्लग काढला तर तो तेलानं ओला आणि काजळीनं काळा होता. एक आणि दोन बरे. मी मनात जुळवून टाकलं, तीन नंबरचं सील सगळ्यात जास्त गेलंय, प्लग भिजतोय, म्हणून काट्याची टिचकी. नवीन प्लग टाकले आणि संध्याकाळी गाडी बाजूला लावली. काटा अजून टिचकी मारत होता. मी बघितलं होतं, आणि तरी सील बदलल्यावर जाईल असं ठरवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. थंड गाडी चालू केली, अगदी छान. ते खूश. अर्धा तास चालू ठेवली, आणि थरथर परत आली. कालच्यापेक्षा कमी, पण तीच. गुरुजी म्हणाले, “तेच की ओ. पिरनवाडीपर्यंत झकास, मग सुरू.” तेव्हा मला ते वाक्य ऐकू आलं. मी आधी समजलो होतो की पिरनवाडीनंतर ट्रॅफिक लागतं, गाडी उभी करावी लागते, म्हणून थरथर तिथं कळते. गुरुजी वेगळंच सांगत होते. जांबोटीहून किणये, पिरनवाडी येईपर्यंत इंजिन पुरतं तापलेलं असतं. थरथर तापल्यावर येत होती. भिजलेला प्लग उलटा वागला असता, थंडीत वाईट, तापल्यावर बरा.

जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. तापलेल्या इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजणं. तिन्ही प्लग काढले, कॉइलची तार सोडली, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, बॅटरी चार्ज केलेली, प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा ठोके. एक नंबर १५० पौंड (चौरस इंचाला), दोन नंबर १४७, तीन नंबर १२८.

इथंही उंचीची तीच गोष्ट. साडेसातशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, तेवढ्या प्रमाणात गेजही कमी दाखवतो. पुस्तक उघडून १५० ला ‘कमी’ म्हणणारा माणूस बेळगावातली निम्मी चांगली इंजिनं खोलून ठेवेल. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे बघायचं. एक आणि दोन जोडीचे होते. तीन नंबर वीस पौंडांनी मागं, हे सोडून देण्यासारखं नव्हतं.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत मोजलं. तेल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं, त्यामुळं रिंगा गेल्या असतील तर आकडा एकदम उसळतो. एक नंबर १५९ झाला, दोन नंबर १५६, तीन नंबर १३३. म्हणजे तीन नंबरची गळती खाली नव्हती, वर होती, व्हॉल्व्हमध्ये. हाफ इंजिन करून बोअर आणि पिस्टन नवे टाकले असते तरी हा सिलिंडर असाच मागं राहिला असता, आणि ३२ हजार देऊन गुरुजी सिग्नलला तसेच थरथरत बसले असते. हे मनात आलं तेव्हा मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. मोजायला वीस मिनिटं लागतात.

रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं आणि सकाळी व्हॉल्व्ह कव्हर उघडून टॅपेट तपासले, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट. या इंजिनाला थंड असताना साधारण ०.१५ मिलिमीटरची फट ठेवतात. तीन नंबरच्या एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) फिलर गेजची ०.०५ ची पातळ पाती आत जाईना. बाकी पाच थोडे इकडं-तिकडं, पण जवळपास.

टॅपेट वाजला की मालक स्वतः गाडी घेऊन येतो, कारण टकटक ऐकू येते. हा वाजत नव्हता. वर्षानुवर्षं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा थोडा आत बसत जातो, त्याचा दांडा वर सरकतो आणि फट खाऊन टाकतो. इंजिन आणखी शांत वाटायला लागतं. तापलं की दांडा लांबतो, फट संपते, आणि व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. केसभर उघडा राहिलेल्या त्या जागेतून दाब निसटतो. आयडलिंगला तीन सिलिंडरपैकी एक लंगडतो, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात एक लंगडला तर लपवायला जागाच नसते. असंच चालत राहिलं असतं तर तापलेला वायू त्या फटीतून जाऊन व्हॉल्व्हची कड जळाली असती, आणि मग खरोखर हेड उतरवावं लागलं असतं.

सगळे सहा टॅपेट लावून घेतले. पूर्ण तापवून परत कॉम्प्रेशन. तीन नंबर १४४. काट्याची टिचकी गेली. व्हॉल्व्ह जळलेला नव्हता, वेळेत सापडला होता.

आता सील. हेड न काढता ती बदलता येतात, फक्त धीर लागतो. रॉकर काढले की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात, पण लॉक (स्प्रिंग दांड्यावर धरून ठेवणाऱ्या बारीक चिपा) काढले की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडायची भीती. काही जण कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरतात. मी जुनी रीत वापरतो. प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सोडायची, शेवट बाहेर ठेवायचा, आणि हातानं इंजिन फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हला खालून टेकू देतो. दोरी मऊ पाहिजे, तंतू सुटणारी सुतळी नको. मग एकेक स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, चुंबकानं उचलून ताटलीत ठेवायचे. हेडमधल्या तेलाच्या वाटा कापडानं बंद केल्याशिवाय सुरुवात करायची नाही, एक लॉक आत पडला की दिवस गेला.

सहाही सीलं निघाली ती दगडासारखी. तीन नंबरच्या इनटेकचं बोटात धरल्यावर तुकडा पडला. नव्या सीलशेजारी ठेवून गुरुजींना दाखवलं. त्यांनी नवं सील दाबून बघितलं, जुनं दाबून बघितलं, आणि काही न बोलता जुन्यातलं एक रुमालात बांधून खिशात ठेवलं. सील बसवायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्ह हातानं हलवून गाइड बघितला. इनटेकच्या गाइडात थोडी हालचाल आहे, तीन नंबरला जास्त. हे मी गुरुजींपासून लपवलं नाही. नवीन सील झिजलेल्या गाइडवर नव्या गाइडइतकं टिकणार नाही.

रॉकर परत बसवल्यावर टॅपेट पुन्हा एकदा लावावे लागले, ते काम दुबार झालं. आधी सील आणि मग टॅपेट असा क्रम ठेवला असता तर वाचलं असतं, पण तीन नंबरची गळती टॅपेटचीच आहे याची खात्री केल्याशिवाय मला पुढं जायचं नव्हतं.

राहिला काळा धूर. तो मूळचा नव्हताच. कार्बोरेटरच्या बुडातून चोरटी हवा जात होती, मिश्रण पातळ होऊन गाडी बंद पडत होती, ते झाकायला आधीच्या हातानं मिक्स्चरचा स्क्रू उघडून पेट्रोल वाढवलं होतं. त्यावर एअर फिल्टर शेवाळलेल्या चटईसारखा झालेला, आणि चोकची केबल पुरती परत येत नव्हती. केबलला तेल, नवीन फिल्टर, जाड तेल काढून पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं तेल आणि नवा ऑइल फिल्टर. मग व्हॅक्यूम गेज लावून मिक्स्चर सेट केलं. काटा सगळ्यात वर आणि सगळ्यात शांत कुठं राहतो तिथवर आणून किंचित पातळ बाजूला. ९०० आरपीएमला काटा साडेसोळावर स्थिर.

पीयूसीला आधी कार्बन मोनॉक्साइड ६.१ टक्के आला होता आणि हायड्रोकार्बन १९०० पीपीएम. भारत स्टेज-२ या धुराच्या सरकारी निकषाच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम. आता १.७ टक्के आणि ४२० पीपीएम. पीयूसीच्या पोरानं गाडीचं साल परत विचारलं.

बिल झालं ६,९०० रुपये. त्यात सील, गॅस्केटं, प्लग, नळ्या, फिल्टर, तेल मिळून निम्म्याहून थोडं कमी, बाकी मजुरी. टॅपेटच्या दुबार कामाची आणि माझ्या वाया गेलेल्या दिवसाची मजुरी लावली नाही. सप्टेंबरमध्ये फिटनेस झाला, आरसी पाच वर्षांसाठी नवी झाली.

संक्रांतीनंतर गुरुजी तिळगूळ आणि वही घेऊन आले. चार महिन्यांत १,८४० किलोमीटर, तेल १५० मिलिलिटर. आयडलिंगची तक्रार नाही. पण शेऱ्याच्या रकान्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन वेळा लिहिलेलं होतं, ‘थंडीत पहिल्या स्टार्टला अल्प निळा धूर, ५ सेकंद’. तीन नंबरच्या इनटेकचा गाइड. मी त्याच ओळीखाली त्या दिवशीचं मीटर लिहून ठेवलं. पाच सेकंदांचे पंधरा झाले, किंवा महिन्याला २०० मिलिलिटरच्या वर तेल गेलं, की हेड उतरवून उद्यमबागला मशीन शॉपमध्ये गाइड आणि सीटचं काम करून घ्यायचं, हे आमचं ठरलंय. टॅपेट मात्र दर १० हजार किलोमीटरला बघायचे, वाजोत किंवा न वाजोत. तेही गुरुजींनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून घेतलं.